ताई ‘बसला’ म्हणेपर्यंत

आमच्या भाऊजींना बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, कंबर माझ्यापेक्षा चांगली आहे, पण खुर्चीत टेकले की कोणीतरी खालून टाचणी टोचावी तसे उठतात. जेवता जेवता उठणार, पेपर वाचणार तो उभ्याने, आणि अगदीच बसावं लागलं तर एक पाय असा हलवत राहणार की टेबलावरचे चमचे किणकिणायला लागतात. नोकरीत होते तेव्हा बरोबरचे लोक त्यांना ‘भिंगरी’ म्हणायचे. नोकरीही अशी की बसायची सोयच नाही. लिफ्टदुरुस्ती! आयुष्यभर वर-खाली, वर-खाली. निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस एका जागी टेकेल अशी माझ्या ताईची भाबडी समजूत होती. मी तिची धाकटी बहीण. राहते त्यांच्याच इमारतीत एक मजला वर, जेवते मात्र त्यांच्याकडे, त्यामुळे ती समजूत कशी धुळीला मिळाली ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाऊजी व्हॉल्व्हचे जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हल्लीच्या यंत्रात ज्या कामाला नखाएवढा तुकडा पुरतो, त्या कामाला पूर्वी काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. बटण दाबलं की त्या आधी तापतात, आतली तार नारिंगी उजळते, आणि मग त्यांची मर्जी झाली तर गाणं सुरू होतं. यंत्राचं वजन एवढं की उचलायला गेलं तर पाठ धरते. उन्हाळ्यात लावलं तर खोलीची भट्टी होते. तरीही असल्या यंत्रावर गाणं ऐकण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही, असं या मंडळींचं म्हणणं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे या घरात माझ्या कानांना कवडीची किंमत नाही आणि ते आम्हाला सगळ्यांना फार महागात पडलं.

मागच्या छोट्या खोलीत त्यांचं टेबल आहे. त्यावर उलटी पाडलेली यंत्रं, तारांची भेंडोळी, बरण्यांमधून स्क्रू, आणि सोल्डरिंग केल्यावर राहतो तो राळेचा वास. यंत्र बंद केलं तरी त्याच्या पोटात करंट साठून राहतो, चुकून दोन्ही हात लागले तर तो छातीतून जातो, म्हणून यंत्रात बोट घालताना एक हात कायम खिशात ठेवायचा हा त्यांचा नियम. नियम चांगला आहे, पण खिशातला हातही गप्प बसेल तर ना! तो तिथे सुटे स्क्रू खुळखुळवत राहतो. ताई म्हणते, “हे घरात आहेत की नाहीत ते बघायला मला उठावं लागत नाही.”

ताईचं आणि त्यांचं लग्न कसं जुळलं तेही सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डाव्या कानाला ऐकायचं यंत्र अडकवायचं, समोरच्या फळीवरच्या भोकांत प्लग खुपसायचे आणि इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून द्यायचं. एकदा ती एकटीच लिफ्टमधून येत असताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. कंपनीने भाऊजींना पाठवलं. त्यांनी वरच्या मशीनच्या खोलीत सगळं तपासलं, काही सापडेना. तेव्हा दाराच्या फटीला तोंड लावून ओरडले, “ताई, घाबरू नका हं!”

होणाऱ्या बायकोला पहिली हाक मारली ती ‘ताई’ म्हणून. यावरून मी त्यांना अजून छळते.

आतून ताई म्हणाली, “मी घाबरलेली नाही. थांबायच्या आधी डाव्या बाजूला खर्र झालं होतं. वर काय शोधताय? डावीकडे बघा.”

भाऊजींनी डावीकडे बघितलं तर लिफ्ट ज्या लोखंडी पट्टीवरून सरकते तिचा एक बोल्ट सुटून लोंबत होता. ज्या मुलीला बंद पेटीत उभं राहून दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं, लग्न करायचं तर तिच्याशीच, असं म्हणे त्यांनी पाना हातात असतानाच ठरवलं. तेव्हापासून ताई ‘डावीकडे’ म्हणाली की भाऊजी डावीकडेच शोधणार. समोर देव उभा राहून उजवीकडे म्हणाला तरी त्याला म्हणतील, तुम्ही जरा थांबा.

पहिला अॅम्प्लिफायर आला तो लग्नानंतर लगेच. एक हॉटेल कायमचं बंद होत होतं, तिथली लिफ्ट उतरवायचं काम भाऊजींकडे होतं. गच्चीवरच्या खोलीत कबुतरांच्या विष्ठेखाली एक तपकिरी डबा मिळाला. एके काळी खालच्या जेवणघरात त्यावरून संगीत वाजायचं. मालक म्हणाला, भंगारात जाईल नाहीतर, घेऊन जा. भाऊजींनी तो खांद्यावरून घरी आणला. घरात तेव्हा धड कपाट नव्हतं, पण अॅम्प्लिफायर होता.

दुरुस्तीची त्यांची पद्धत तेव्हापासूनची. भाऊजी एकेक भाग बदलायचे आणि ताई खुर्चीत डोळे मिटून बसायची.

“आता?”

“घूं येतंय खालून.”

“आता?”

“घूं गेलं. वर किर्र आहे बारीक.”

“आता?”

शेवटी कधीतरी ताई म्हणायची, “बसला.”

हा एक्स्चेंजमधला शब्द. प्लग भोकात नीट गेला, खरखर थांबली आणि माणसाचा आवाज स्वच्छ यायला लागला की ऑपरेटर मुली एकमेकींना म्हणायच्या, बसला. ताई तो शब्द माहेरच्या दागिन्यासारखा बरोबर घेऊन आली. या घरातून ताईने ‘बसला’ म्हटल्याशिवाय एकही यंत्र बाहेर जात नसे. भाऊजी स्वतःच्या कानांना मोजतच नाहीत. “माझे कान लिफ्टच्या मोटारींनी खाल्ले,” म्हणतात. “हात माझे, कान हिचे.” टेबलावर मीटर आहे, तो आकडे दाखवतो, पण मीटर आणि ताई यांच्यात मतभेद झाला तर खोटा मीटरच.

पुढे तो तपकिरी डबा माळ्यावर गेला, कारण त्यातून एकाच स्पीकरला एकच आवाज जायचा आणि भाऊजींना दोन बाजूंचा अॅम्प्लिफायर मिळाला. बैठकीच्या खोलीत दोन स्पीकर आले, समोर ताईची वेताची खुर्ची. ताई रोज संध्याकाळी तिथे बसते. शेजारी भाऊजींसाठीही एक खुर्ची घेतली होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. भाऊजी गाणं ऐकतात ते खोलीत येरझारा घालत, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, आवाजातला चोर, म्हणजे दोष, कुठून निघतोय याची वाट बघत. एक गाणं त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं मला आठवत नाही.

आणि मग, एका साध्याशा संध्याकाळी, ताई म्हणाली, “डावा स्पीकर जरा मंद वाटतोय.”

आता सांगूनच टाकते. ताईचा डावा कान जात होता आणि भाऊजी अॅम्प्लिफायर उघडत होते. सगळी गोष्ट एवढीच आहे. पण आमच्यापैकी कोणाला ती तेव्हा दिसली नाही, ताईला स्वतःलाही नाही. 

भाऊजींची दोष शोधायची रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे, मला गणितवालीलासुद्धा पटते. यंत्राच्या दोन बाजू सारख्या असतात. मग डावीकडचा व्हॉल्व्ह काढून उजवीकडे लावायचा आणि उजवीकडचा डावीकडे. आता दोष उजवीकडे गेला, तर व्हॉल्व्ह खराब. जागीच राहिला, तर व्हॉल्व्ह निर्दोष, पुढचा भाग घ्या. “दोष हलला पाहिजे,” असं ते म्हणतात. “हलला की पकडला.”

व्हॉल्व्हची अदलाबदल झाली. दोष हलला नाही. कंडेन्सर बदलले. नाही. ट्रान्सफॉर्मर सोडवून इकडचा तिकडे केला, त्यात बोट भाजून घेतलं. नाही. स्पीकरांची जागा बदलली. तारा बदलल्या. रोज संध्याकाळी ताई त्याच रेकॉर्डवर परीक्षा घ्यायची, एक व्हायोलिन आणि एक पियानो, व्हायोलिन डावीकडून यायचं, पियानो उजवीकडून. आणि रोज तीच मान हलवायची. “पियानो कसा खणखणीत आहे. व्हायोलिनवाला मात्र कांबळं पांघरून वाजवतोय मेला.”

मी एकदा म्हटलं, “मला तर दोन्ही सारखेच वाटतात.”

दोघं माझ्याकडे बघून इतके मनापासून हसले की मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले.

मीटरही सारखेच आकडे दाखवत होता. भाऊजींनी मीटर खोटा ठरवला आणि नवीन आणला. नव्यानेही तेच सांगितलं. मग तो दुकानदार लबाड ठरला.

याच सुमारास दातांच्या डॉक्टरांचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला होता. सज्जन माणूस, भाऊजींचा जुना स्नेही. भाऊजींनी तो नीट करून बैठकीत आणून लावला. ताईने ऐकला आणि म्हणाली, “याचाही डावा मंद आहे.”

दुसरा कोणी असता तर त्याच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला असता. दोन वेगळ्या यंत्रांना एकच रोग, तोही एकाच बाजूला? पण भाऊजींचं म्हणणं पडलं की मग दोष यंत्रात नाही, घरच्या विजेत आहे. वायरमन आला. त्याने भिंती उकरल्या, अर्थिंग नवीन घातलं, घरभर धूळ केली. व्हायोलिनवाला कांबळ्यातच राहिला. दातांचे डॉक्टर दर थोड्या दिवसांनी फोन करायचे, “झालं का?” आणि भाऊजी म्हणायचे, “बसला नाही अजून.” शेवटी डॉक्टर म्हणाले, “माझ्या खुर्चीत एवढा वेळ लागला असता तर पेशंटने मला चावलं असतं.”

घराची तर दशा झाली. भाऊजींचा पाय आता जमिनीवर ठरत नव्हता. सकाळी दात घासता घासता मागच्या खोलीत, जेवणात घास तोंडात ठेवून मागच्या खोलीत. खिशातले स्क्रू इतके खुळखुळायचे की मला वरच्या मजल्यावर भास व्हायचा. ताईही बिनसलेली. दूध गॅसवर ठेवून डावीकडे वळून भाजी चिरायची आणि दूध तिच्या पाठीशी उतू जायचं. मी ओरडायचे, “अगं, फसफसलेलं ऐकू नाही आलं का?” ती म्हणायची, “माझं लक्ष नव्हतं.” जेवताना तिने माझी जागा मागून घेतली, पंख्याचं वारं लागतं म्हणाली. फोन उजव्या कानाला लावायला लागली. हे सगळं माझ्यासमोर होत होतं. हाताच्या बोटांवर बेरीज करावी एवढं सोपं गणित, आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना म्हणत आले की दिलेली माहिती आधी नीट वाचा.

एकदा मात्र दोघांचं जोरात वाजलं. भाऊजींनी यंत्र पुन्हा उलटं पाडलं होतं, आणि ताईला संध्याकाळी काहीच ऐकायला मिळालं नव्हतं.

“अहो, मंद तर मंद, पण वाजू द्या ना!”

“मंद कसं वाजू देऊ? तुला खोटं कसं ऐकवू?”

“मला खोटं चालेल! मला गाणं हवंय, तुमचा चोर नकोय.”

“तू एकदा ‘बसला’ म्हण, मी हात लावणार नाही.”

“बसला नाही तर कशी म्हणू?”

हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच माळेचे मणी. एका खोट्या शब्दाने घर शांत झालं असतं, पण ताईने आयुष्यात चुकीच्या भोकात प्लग घातला नव्हता. भाऊजींनी निमूटपणे यंत्र जोडलं. ताईने रागाने वेताची खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून खिडकीसमोर बसली. “लावा काय लावायचं ते. मला त्या डब्याचं तोंड बघायचं नाही.”

भाऊजींनी रेकॉर्ड लावली. मी कोपऱ्यात वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. व्हॉल्व्ह तापले, सुई टेकली, व्हायोलिन सुरू झालं. ताईचे खांदे हळूहळू खाली आले. थोड्या वेळाने ती खिडकीकडे बघतच म्हणाली, “अहो, आज व्हायोलिन किती छान येतंय.”

भाऊजी जागीच थिजले.

“खरंच सांगतेय. कांबळं गेलं. पण पियानो कुठे गेला? तो दबल्यासारखा झालाय आता.”

“हलला!” भाऊजी एवढ्याने ओरडले की माझी पेन्सिल पडली. “दोष हलला! मेहुणीबाई, हलला! सापडला लेकाचा!”

वायरमन येऊन गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातला हात बाहेर काढून दोन्ही हातांनी टाळी वाजवली, यंत्राभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून तारा बघायला लागले. “थांबा, आता फक्त बघायचं की आपण आज काय अदलाबदल केली. व्हॉल्व्ह... व्हॉल्व्ह तेच. तारा त्याच. ट्रान्सफॉर्मरला आज हात लावला नाही. स्पीकर...” ते थांबले. “स्पीकर जागेवरच आहेत.”

ते सरळ उभे राहिले. आज काहीच बदललं नव्हतं. त्यांची नजर यंत्रावरून सुटली, जमिनीवरून खुर्चीच्या पायांपर्यंत गेली, आणि तिथून वर ताईच्या पाठीवर येऊन थांबली. बदलली होती ती फक्त ताई. मलाही त्याच क्षणी कळलं आणि मी मनात म्हटलं, नको, नको, नको.

“अगं,” ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, “जरा इकडे तोंड करून बसतेस?”

ताई कुरकुरत वळली. थोडा वेळ ऐकलं. “परत व्हायोलिन गेलं. पियानो आला.”

“आता परत खिडकीकडे.”

“काय चाललंय तुमचं? आता व्हायोलिन आलं. जादू आहे की काय?”

भाऊजींनी यंत्र बंद केलं. ताईच्या डाव्या बाजूला, जरासे मागे, जाऊन उभे राहिले आणि हळूच हाक मारली, “अगं, ऐकतेस का?” खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माझ्या ताईने मानही वळवली नाही. उजवीकडे जाऊन त्यांनी तसंच, तेवढ्याच आवाजात म्हटलं. ती लगेच म्हणाली, “ऐकतेय की. गाणं का बंद केलं?”

त्यांनी माझ्याकडे ज्या चेहऱ्याने बघितलं तो मी विसरू शकत नाही. एवढी सगळी यंत्रं उघडणारा माणूस, आणि कुठे स्क्रूड्रायव्हर घालायचा ते त्याला कळत नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. ताईला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. ताई बाहेर येऊन म्हणाली, “माझी जुनी नोकरीच होती ही.” बाई हसल्या नाहीत. डावा कान बराचसा गेला होता. नोकरीमुळे असेल, वयामुळे असेल, नक्की कोणालाच सांगता येणार नाही, म्हणाल्या. हळूहळू जातो तेव्हा माणसाला वाटतं जगच हळू बोलायला लागलंय. औषध देऊन बघू, यंत्र लावून आवाज मोठा होईल पण स्वच्छ होणार नाही. भाऊजींनी उभ्यानेच विचारलं, “आधी आलो असतो तर?”

“तर प्रयत्न लवकर केला असता. यश आलं असतंच असं नाही.”

त्यातलं दुसरं वाक्य भाऊजींनी ऐकलंच नाही. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा अॅम्प्लिफायर परत देऊन टाकला, तोही ताईने ‘बसला’ म्हटल्याशिवाय. टेबल आवरलं, यंत्रांवर चादरी घातल्या. आणि बसले. मागच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून, हात मांडीवर ठेवून, नुसते बसून राहिले. पाय हलत नाही, खिसा वाजत नाही. ज्या माणसाने बसावं म्हणून आम्ही दोघी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडलो तो बसला, आणि घरात पाऊल टाकवेना. मी चमचे मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवून बघितले. एकही किणकिणला नाही.

ताईला औषधाचा फारसा उपयोग झाला नाही. ती चार दिवस रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. पण भाऊजींचं ते बसणं तिला सोसेना. एका सकाळी तिने त्यांच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवले.

“कान माझा गेलाय. तुमचे हात कशाला गेले?”

भाऊजी म्हणाले, “तू डावीकडे म्हणालीस. मी डावीकडेच शोधलं. तुझ्याकडे नाही बघितलं.”

“मग आता बघा. एक कान शाबूत आहे. दोन स्पीकर मला काय कामाचे? डावीकडचं तिकडेच राहतं. मला सगळं एकाच बाजूने आणून द्या.”

 भाऊजींची नजर माळ्याकडे गेली. त्यांचा डावा पाय, अगदी थोडासा, हलला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांचा आवाज करत रडून घेतलं.

तपकिरी डबा खाली आला. एकच आवाज देणारा, त्यामुळे माळ्यावर टाकलेला. घर पुन्हा अस्ताव्यस्त झालं. कंडेन्सर फुगले होते, तारांवरच्या रबराचा बोटांत भुगा होत होता, एक व्हॉल्व्ह मेला होता आणि तसा दुसरा कुठे मिळेना. दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या यंत्रातला काढून आणून दिला. “माझं नंतर बघू,” म्हणाले. भाऊजींचा एक हात पुन्हा खिशात गेला, खुळखुळ सुरू झाली, राळेचा वास जेवणाच्या टेबलापर्यंत आला. मी काहीएक तक्रार केली नाही. या वेळी मात्र त्यांनी मध्येमध्ये ताईला बोलावून ‘आता?’ विचारलं नाही. घाबरत होते. सगळं जोडून झाल्यावर फक्त एकदा विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हाही ती मान हलवेल की काय या धास्तीने त्यांचं जेवण सुटलं होतं.

त्या संध्याकाळी एकच स्पीकर ताईच्या खुर्चीच्या उजवीकडे ठेवला. मोठा, जवळ, तिच्या कानाच्या उंचीला. व्हायोलिन आणि पियानो आता त्याच एका दारातून येणार होते. भाऊजी यंत्रामागे उभे राहिले, स्क्रूड्रायव्हर हातात.

“तिथे नका उभे राहू,” ताई म्हणाली. “तुमचं हलणं मला दिसतं.”

“मग कुठे जाऊ?”

तिने डावीकडच्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून माझ्या मांडीवर टाकले. “इथे.”

“पाय हलला तर?”

“खुशाल हलवा. त्या बाजूचं मला ऐकू येत नाही.”

भाऊजी त्या खुर्चीच्या टोकाशी टेकले. व्हॉल्व्ह उजळले. सुरुवातीला थोडं घूं आलं, पण ते विरून गेलं. सुई टेकली. व्हायोलिन सुरू झालं, त्याच्या पाठोपाठ पियानो, एकमेकांना चिकटून. ताईने डोळे मिटले. तिचा चेहरा मला दिसत होता, पण त्यावरून काही कळेना. भाऊजी तिच्याकडे बघत होते, कान पुढे करून, तो एक शब्द कधी येतो याची वाट बघत. त्यांचा पाय जोरात हलत होता. अर्धी बाजू झाली, शब्द नाही. मला उठून ताईला गदागदा हलवावंसं वाटत होतं. मग कधीतरी भाऊजी मागे रेलले. स्क्रूड्रायव्हर मांडीवर आडवा पडला. पाय हळू झाला. माझं लक्ष गेलं तेव्हा थांबला होता.

रेकॉर्डची बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेवर खर्र खर्र फिरायला लागली. एरवी भाऊजी घाईने झडप घालून ती उचलतात, सुई झिजते म्हणून. ते उठले नाहीत. त्यांनी ऐकलं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

ताईने डोळे उघडले. पूर्ण मान वळवून, कारण आता तिला तसंच बघावं लागतं, तिने डावीकडे बघितलं आणि एकच शब्द बोलली.

भाऊजी दचकून माझ्याकडे वळले. “मेहुणीबाई, काय म्हणाली? ‘बसला’ म्हणाली ना? बसला?”

“हो,” मी म्हटलं.

ताई ‘बसलात’ म्हणाली होती. शेवटचा त मला स्पष्ट ऐकू आला, पण या घरात माझ्या कानांना कोण विचारतं?